पैसा आहे, पण गरिबासाठी नाही : अमेरिकेच्या अंदाजपत्रकाचे राजकारण

४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. २०२५ साली नेमक्या याच दिवशी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कर आणि सरकारी खर्च यांविषयीच्या एका अवाढव्य कायद्यावर सही केली. 'वन बिग ब्युटिफुल बिल', म्हणजे एक मोठे सुंदर विधेयक, असे त्याचे नाव. सिनेटमध्ये मते समसमान पडली, ५० विरुद्ध ५०. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी आपले निर्णायक मत टाकले तेव्हा ते तिथे मंजूर झाले. प्रतिनिधिगृहात ते २१८ विरुद्ध २१४ असे काठावर तरले.

हे विधेयक नक्की कुणासाठी सुंदर आहे? याचे उत्तर विरोधकांकडून घेण्याची गरज नाही. अमेरिकी संसदेचे स्वतःचे अंदाजपत्रक कार्यालय आहे. ते कोणत्याही पक्षाचे नसते. त्या कार्यालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या कायद्याचा हिशेब मांडला. सर्वांत गरीब दहा टक्के कुटुंबांना वर्षाला सरासरी १,२०० डॉलरचा तोटा आणि सर्वांत श्रीमंत दहा टक्के कुटुंबांना सरासरी १३,६०० डॉलरचा फायदा. २०३४ पर्यंत आणखी सुमारे १ कोटी माणसे आरोग्य विम्याबाहेर जातील. गरिबांच्या आरोग्य विम्यावरचा, म्हणजे मेडिकेडवरचा, केंद्राचा खर्च दहा वर्षांत ९०० अब्ज डॉलरहून अधिक कमी होईल. अन्नसाहाय्य, ज्याला लोक अजूनही फूड स्टॅम्प म्हणतात, तेही कापले गेले.

सरकारची तिजोरी रिकामी झाली म्हणून ही कात्री लागली का? मुळीच नाही. याच कायद्याने सैन्यासाठी सुमारे १५० अब्ज डॉलर जादा दिले. सीमा आणि स्थलांतरितांची धरपकड यासाठी सुमारे १७० अब्ज डॉलर दिले. करसवलती तर एवढ्या दिल्या की त्याच कार्यालयाच्या हिशेबाने दहा वर्षांत सरकारी तूट ३.४ लाख कोटी डॉलरने वाढणार आहे. आडात पाणी नाही असे गरिबाला सांगायचे आणि त्याच आडातून श्रीमंताच्या बागेला पाट काढायचा, असा हा प्रकार आहे.

काही मित्र विचारतील, अमेरिकेच्या गरिबांची काळजी आम्ही कशाला करायची? आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का? प्रश्न कमी नाहीत. पण बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथे त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाच्या शास्त्राचे, मोठे अभ्यासक होते. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला, तेव्हा त्याला प्रस्तावना याच सेलिग्मन यांची होती. सरकारचा पैसा कुणाकडून येतो, कुणावर खर्च होतो आणि हे ठरवतो कोण, हा प्रश्न बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये बसून अभ्यासला. तोच प्रश्न आज अमेरिकेला विचारण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे.

शिवाय अमेरिकेबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींकडूनही तो आपल्यापर्यंत येतो. तिथे गरीब म्हणजे आळशी, ज्याला कष्ट करायचे त्याला काम मिळतेच, सरकार उगाच फुकट खायला घालते. वस्तुस्थिती काय आहे? अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या अधिकृत आकडेवारीनुसार २०२४ मध्ये १०.६ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, म्हणजे जवळपास ३ कोटी ५९ लाख माणसे. जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या अधिकृत गणतीत ७ लाख ७१ हजारांहून अधिक लोक बेघर आढळले. जगातील सर्वांत श्रीमंत देशात हे आकडे आहेत. या देशात गरिबाच्या वाट्याला जे येते ते निसर्गाने किंवा नशिबाने ठरत नाही. ते सभागृहात मतदानाने ठरते, आणि त्याचा इतिहास आहे.

हा इतिहास १९३५ पासून पाहू. महामंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायदा आणला. वृद्धांना पेन्शन, बेकारांना भत्ता, ही त्या काळात क्रांतीच होती. पण त्या कायद्यातून दोन प्रकारचे कामगार बाहेर ठेवले गेले : शेतमजूर आणि घरकाम करणारे. कागदावर कुठेही वर्ण लिहिलेला नव्हता. मात्र त्या काळी काळे स्त्रीपुरुष नेमके याच दोन कामांत होते. सुमारे ६५ टक्के काळे कामगार अशा रीतीने कायद्याबाहेर पडले. दक्षिणेकडच्या राज्यांतील गोऱ्या जमीनदारांच्या प्रतिनिधींचे संसदेत मोठे वजन होते आणि स्वस्त मजूर हातचा जाऊ देणे त्यांना परवडणारे नव्हते. याच राज्यांत काळ्यांना मतदानही करू दिले जात नव्हते. म्हणजे ज्यांना मत नव्हते त्यांना पेन्शनही नव्हते. शेतमजूर आणि घरकामगार या कायद्यात आले ते १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी. जातीचे नाव न घेता जात पाळणारे नियम कसे लिहितात, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पुढे १९६० च्या दशकात चित्र बदलले. मे १९६१ मध्ये केनेडी सरकारच्या नव्या प्रायोगिक योजनेतील पहिले फूड स्टॅम्प वाटले गेले ते वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॅकडॉवेल जिल्ह्यात. हा कोळसा खाणींचा मुलूख. खाणी यंत्रांवर गेल्या, माणसे बेकार झाली, आणि त्यांत बहुतेक गोरे होते. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच वर्षी फूड स्टॅम्पचा कायदा झाला. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले. त्याच वर्षी मतदान हक्काचा कायदाही झाला. १९६४ मध्ये १९ टक्के असलेले दारिद्र्य १९७३ पर्यंत ११.१ टक्क्यांवर उतरले. गरिबांवर कितीही खर्च करा, काही उपयोग नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वाढत्या अर्थव्यवस्थेचा त्यात वाटा होताच, पण सरकारी खर्चाचाही होता.

आणखी एक गोष्ट या काळात झाली. १९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की गरिबाला मिळणारी सरकारी मदत त्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय बंद करता येणार नाही. म्हणजे ती मदत मेहेरबानी राहिली नाही, तिला हक्काचे रूप आले. आमच्या मते इथेच प्रस्थापितांच्या पोटात दुखू लागले. भीक घालायला त्यांची कधीच हरकत नसते.

मग सुरू झाली बदनामी. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन एक गोष्ट सांगत फिरले, की शिकागोत एक बाई अनेक खोट्या नावांनी सरकारी मदत लाटते आणि ऐषारामात राहते. एका प्रकरणावरून लाखो गरीब आयांची प्रतिमा उभी केली गेली. 'वेल्फेअर क्वीन' म्हणजे सरकारी मदतीवर जगणारी राणी, हा शब्द त्या प्रचारातून घराघरांत पोचला, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काळी स्त्री उभी राहील याची काळजी घेतली गेली. मार्टिन गिलेन्स या अभ्यासकाने १९९९ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की वृत्तमाध्यमे गरिबांची जी चित्रे छापतात, त्यांत काळ्यांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा खूप जास्त असते आणि यातूनच गोऱ्या मतदाराचा मदत योजनांना विरोध वाढतो. प्रत्यक्षात संख्येने पाहिले तर अमेरिकेतील गरिबांत सर्वांत मोठा गट गोऱ्यांचाच आहे. काळ्यांविरुद्ध चेतवलेल्या द्वेषाची किंमत गोरा गरीबही मोजतो. आपल्याकडे आरक्षणाच्या नावाने गरिबालाच गरिबाविरुद्ध कसे उभे करतात ते आठवा, म्हणजे ही युक्ती लगेच ओळखू येईल.

यात एकच पक्ष दोषी आहे असे समजू नका. १९९६ मध्ये कायदा बदलला तो डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने. साठ वर्षे चाललेली गरीब मुलांच्या कुटुंबांना रोख मदतीची योजना बंद झाली. तिच्या जागी राज्यांना ठोक रक्कम देणारी नवी योजना आली, जिला 'टॅनफ' म्हणतात. या नव्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की कोणत्याही व्यक्तीचा किंवा कुटुंबाचा या मदतीवर हक्क असणार नाही. १९७० मध्ये न्यायालयाने जे दिले होते ते २६ वर्षांनी संसदेने शाईच्या दोन ओळींत काढून घेतले.

हक्क गेला की पुढचे सगळे सोपे होते. मदत उघडपणे बंद करावी लागत नाही. आकडा फक्त गोठवून ठेवायचा. १९९६ च्या योजनेसाठी केंद्राने वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलर ठरवले. महागाई कुठल्या कुठे गेली, पण ती रक्कम जवळपास तिथेच आहे. १९९६ मध्ये दरिद्री असलेल्या मुलाबाळांच्या दर १०० कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना रोख मदत पोचत होती. २०२० च्या सुमारास ती २१ कुटुंबांना पोचत होती.

दुसरे उदाहरण घ्या. गरीब वृद्ध आणि अपंग यांना एक मासिक भत्ता मिळतो, त्याला एसएसआय म्हणतात. तो मिळवायचा तर एकट्या माणसाजवळ २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. राहते घर वगैरे काही गोष्टी यातून वगळलेल्या आहेत, पण बँकेतली पुंजी धरली जाते. ही मर्यादा १९८९ सालची आहे. म्हणजे अपंग माणसाने आजारपणासाठी चार पैसे साठवले तर त्याचा भत्ता बंद. तिसरे उदाहरण किमान वेतनाचे. केंद्राने ठरवलेले तासाचे ७.२५ डॉलर जुलै २००९ पासून हललेले नाहीत. याउलट वृद्धांचे सर्वसाधारण पेन्शन १९७५ पासून महागाईप्रमाणे आपोआप वाढते. का? कारण ते पेन्शन गरिबाला मिळते तसे मध्यमवर्गालाही मिळते आणि म्हातारी माणसे मोठ्या संख्येने मतदान करतात. जी योजना सर्वांची असते तिला हात लावताना पुढारी दहा वेळा विचार करतात. फक्त गरिबांसाठी असलेल्या योजनेला वाली नसतो. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा, कारण तो अमेरिकेपुरता नाही.

ठोक रक्कम राज्यांच्या हाती दिली की काय होते याचा नमुना म्हणजे मिसिसिपी. हे अमेरिकेतील सर्वांत गरीब राज्यांपैकी एक, आणि तिथे काळ्यांचे प्रमाण सर्व राज्यांत जास्त. २०२१ पर्यंत तिथे तीन माणसांच्या गरीब कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत होते. त्याच काळात याच निधीतून किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे गेल्याचे तपासणीत उघड झाले. त्यातील ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या इमारतीला गेले. समाजकल्याण खात्याच्या माजी प्रमुखाने २०२२ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. गरीब आईने उत्पन्नाचा एक कागद चुकीचा दिला तर ती चोर ठरते, आणि इथे इमारती उभ्या राहिल्या. मागासवर्गीयांचा निधी दुसरीकडे वळवला जातो तेव्हा आपण ओरडतो. मिसिसिपीच्या गरिबांसाठी ओरडणारे सभागृहात फार थोडे होते, हाच आमचा मुद्दा आहे.

आता कागदांकडे वळू. गरिबाला योजनेतून बाहेर काढण्याचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे कागद. आम्ही वस्त्यांमध्ये लोकांचे अर्ज भरून देतो. नाव यादीत असूनही केवळ पडताळणी वेळेत झाली नाही म्हणून धान्य अडते, हे आम्ही रोज पाहतो. अमेरिकेत हेच यंत्र मोठ्या प्रमाणावर चालते. २०१८ मध्ये अर्कान्सा राज्याने मेडिकेडसाठी अट घातली की महिन्याला ८० तास काम करा आणि त्याची नोंद द्या. काही महिन्यांत सुमारे १८,००० लोकांचा विमा गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली. अभ्यासकांनी मागाहून पाहिले तर या अटीने रोजगार वाढलेला नव्हता. अनेक जण काम करत होते किंवा अटीतून सूट मिळण्यास पात्र होते, त्यांना नोंद कशी द्यायची तेच कळले नाही. कोरोना काळात मेडिकेडमधून कुणाला काढू नये असा नियम होता. तो संपल्यावर एप्रिल २०२३ पासून फेरतपासणी झाली आणि २ कोटींहून अधिक लोक बाहेर पडले. त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक लोकांना कागदोपत्री कारणाने काढले गेले. ते अपात्र आहेत असे कुणी तपासून ठरवले नव्हते. पत्र जुन्या पत्त्यावर गेले, फोन लागला नाही, अर्ज वेळेत परत आला नाही.

हे सगळे समोर असताना २०२५ च्या कायद्याने तीच ८० तासांची अट देशभर आणली. मेडिकेडचा विस्तार झालेल्या राज्यांतील प्रौढांना ती २०२७ च्या सुरुवातीपर्यंत लागू व्हायची आहे. अन्नसाहाय्यातही कामाच्या अटीचे वय ६४ पर्यंत वाढवले. बेघर माणसे, माजी सैनिक आणि सरकारी देखरेखीत वाढलेले तरुण यांना असलेली खास सूट काढून टाकली. बेघर माणसाने कामाच्या तासांचा पुरावा कुठल्या कपाटात जपून ठेवायचा, हा प्रश्न सभागृहात २१८ जणांना पडला नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते. म्हणतात, सरकार तरी काय करणार, दारिद्र्य हटत नाही. याला २०२१ ने पुराव्यासह उत्तर दिले आहे. त्या वर्षी सरकारने मुलांसाठीची करसवलत वाढवली. सहा वर्षांखालील मुलाला वर्षाला ३,६०० डॉलर आणि त्याहून मोठ्याला ३,००० डॉलर. ज्या आईबापांचे उत्पन्न इतके कमी की कर भरावाच लागत नाही, त्यांनाही ती पूर्ण मिळाली. तिच्यातील निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात आली. परिणाम काय झाला? सरकारी मदत धरून मोजल्या जाणाऱ्या मोजमापानुसार मुलांमधील दारिद्र्य २०२० मध्ये ९.७ टक्के होते, ते २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. योजना पुढे चालू ठेवली नाही. २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेले. एका वर्षात दुपटीहून जास्त. मुले तीच, आईबाप तेच, आळस वाढला नव्हता की कष्ट कमी झाले नव्हते. बदलला होता फक्त सरकारचा निर्णय.

तो निर्णय कुणी अडवला? रिपब्लिकन पक्षाचे सर्व सिनेटर विरोधात होतेच. डिसेंबर २०२१ मध्ये डेमोक्रॅटिक सिनेटर जो मॅन्चिन यांनीही नकार दिला आणि ५० विरुद्ध ५० च्या सभागृहात तो एक नकार पुरेसा ठरला. मॅन्चिन वेस्ट व्हर्जिनियाचे, म्हणजे ज्या राज्यातील मॅकडॉवेल जिल्ह्यात ते पहिले फूड स्टॅम्प वाटले गेले होते त्याच राज्याचे. १९५० च्या सुमारास जवळपास एक लाख लोकवस्तीच्या त्या जिल्ह्यात आता वीस हजार माणसेही उरलेली नाहीत. गरिबांच्या मतांवर निवडून आलेला माणूस गरिबांच्या बाजूने मत देईलच, असे लोकशाहीत आपोआप घडत नाही.

आणि जिथे मतच नाही तिथे? पोर्तो रिको बेटाचे सुमारे ३२ लाख रहिवासी १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. पण बेटावर राहतात तोवर त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही आणि संसदेत मतदान करणारा प्रतिनिधी नाही. तिथल्या गरीब वृद्धांना आणि अपंगांना एसएसआय भत्ता मिळत नाही. तोच माणूस न्यूयॉर्कला राहायला गेला तर मिळतो, बेटावर परतला की बंद. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी हे कायदेशीर ठरवले. बेटावरचे लोक बहुतांशी केंद्राचा आयकर भरत नाहीत, असे त्याचे मुख्य कारण दिले. पण एसएसआय मिळण्याइतका गरीब माणूस न्यूयॉर्कमध्ये तरी कुठे आयकर भरतो? विरोधी मत देणाऱ्या एकट्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर होत्या. त्यांचे आईवडील पोर्तो रिकोचे.

मत असूनही ते कसे निकामी करता येते हे फ्लिंटने दाखवले. मिशिगन राज्यातील हे शहर, सुमारे एक लाख वस्ती, बहुसंख्य काळे, चाळीस टक्क्यांच्या आसपास गरीब. नगरपालिका तोट्यात म्हणून राज्य सरकारने तिथे आपला प्रशासक बसवला आणि लोकांनी निवडलेल्या नगरसेवकांचे अधिकार काढून घेतले. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी फ्लिंट नदीतून घेण्यात आले. नळ गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले आणि मुलांच्या रक्तात गेले. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन ओरडत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने हे पाणी वापरणे थांबवले, कारण त्याने यंत्राचे भाग गंजत होते. माणसांचे पाणी बदलायला ऑक्टोबर २०१५ उजाडले. कारखान्याच्या सुट्या भागांना जेवढा आवाज होता तेवढा त्या आयांना नव्हता. पाण्यासाठी महाडला जाणाऱ्यांच्या वारसांना यातला अपमान वेगळा सांगावा लागत नाही.

२०२५ च्या शेवटी हेच पुन्हा दिसले. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अशी ४३ दिवस अमेरिकी सरकारची टाळेबंदी चालली. अन्नसाहाय्यावर तेव्हा जवळपास ४ कोटी २० लाख लोक अवलंबून होते आणि त्यांतील सुमारे चाळीस टक्के मुले होती. नोव्हेंबरची मदत वेळेवर आली नाही. न्यायालयांनी आदेश दिले, तरी पूर्ण रक्कम द्यावी लागू नये म्हणून सरकार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन पक्षांच्या भांडणात ओलीस कुणाला धरले? ज्यांच्या घरी महिनाअखेरीला डबे रिकामे असतात त्यांना.

इथे कुणी म्हणेल, मग अमेरिकेचे लोकच निर्दय आहेत. आम्हाला हे मान्य नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. नव्वद टक्के खर्च केंद्र देणार असूनही अनेक राज्यांनी तो नाकारला. पण जिथे प्रश्न थेट लोकांपुढे मतदानाला गेला, तिथे काय झाले पाहा. २०१७ मध्ये मेन, २०१८ मध्ये आयडाहो, नेब्रास्का आणि युटा, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिसूरी, २०२२ मध्ये साउथ डकोटा, या सर्व राज्यांत लोकांनी विस्ताराच्या बाजूने कौल दिला. यांतील बहुतेक राज्ये ट्रम्प यांच्या पक्षाची. मिसूरीच्या आमदारांनी तर लोकांचा कौल येऊनही पैसे द्यायला नकार दिला, शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो विस्तार लागू करायला लावला. लोक द्यायला तयार असतात, अडवणारे मध्ये बसलेले असतात. त्यांना अडवायचे तर गरिबांची संघटना लागते.

अशी संघटना झाली तेव्हा यशही आले. २०१७ च्या उन्हाळ्यात मेडिकेड कापण्याचे विधेयक आले तेव्हा व्हीलचेअरवरचे अपंग कार्यकर्ते सिनेटच्या नेत्याच्या कार्यालयासमोर ठाण मांडून बसले. पोलिसांनी त्यांना उचलून नेले. जुलैमध्ये ते विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, ब्लॅक पँथरच्या तरुणांनी ओकलंडमध्ये गरीब मुलांना शाळेपूर्वी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली. सरकारची शालेय नाश्ता योजना तेव्हा प्रायोगिक होती, ती १९७५ मध्ये कायम झाली. याच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपले आणि त्यांचे हे नाते आहे. आणि मार्टिन ल्युथर किंग यांचा शेवटचा लढा कोणता होता? काळे, गोरे, मूलनिवासी, स्पॅनिशभाषक अशा सर्व गरिबांना एकत्र करून वॉशिंग्टनला नेण्याचा. मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला ते गेले होते, तिथे ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अमेरिकेत गरिबांची उपेक्षा पैशाअभावी होत नाही आणि लोकांच्या दगडी काळजामुळेही होत नाही. ज्यांचे मत नाही, ज्यांचे मत मोजले जात नाही किंवा ज्यांचे मत आपसातल्या द्वेषात वाया जाते, त्यांचा वाटा अंदाजपत्रकात आधी गोठतो, मग अटींत अडकतो आणि शेवटी कापला जातो. म्हणून गरिबाची मदत वाढवा एवढी मागणी पुरेशी नाही. ती हक्क म्हणून लिहिली गेली पाहिजे, महागाईप्रमाणे आपोआप वाढली पाहिजे आणि शक्य तिथे सर्वांना मिळणारी असली पाहिजे, म्हणजे तिच्यावर घाव घालताना सत्ताधाऱ्यांना सगळ्यांचाच राग ओढवून घ्यावा लागेल. राजकीय समता दिली आणि आर्थिक विषमता तशीच ठेवली तर लोकशाही धोक्यात येईल, हा इशारा बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत दिला होता. अमेरिकेला तो लागू पडतो, आणि आपले अंदाजपत्रक वाचताना आपल्यालाही तितकाच लागू पडतो. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेट येते तेव्हा वस्तीवस्तीत बसून ते वाचायची सवय आपण लावून घेऊ या. कुठला आकडा किती वर्षे हललेला नाही, एवढे शोधले तरी आपली किंमत काय धरली आहे ते कळेल.

जय भीम.